म्हशीसाठी भरलेली कॅसेट

मुक्काम चारा छावणी, वडवणीजवळ

बंकटराव, माजलगावच्या समद्या मंडळींना तुमच्या दाजीचा रामराम. सासूबाईंचा गुडघा कसा हाय? उसाला पाणी मिळालं का? आमच्याकडं पाणी टँकरमधी असतं, आन् टँकर कुठं असतो ते डायव्हरलाच ठाऊक. बाकी मी, चंद्री म्हैस आन् तुमी दिवाळीला दिलेला वॉकमन, तिघं छावणीत खुशाल हाव.

वॉकमनचा माझ्याएवढा उपयोग तालुक्यात कुणी करून घेतला नसंल. सेल मंदावले की पत्र्यावर उन्हात ठेवतो (ऊन तेवढं आमच्याकडं रेशनवर न्हाई), आन् ते अजून दोन दिवस चालतात. कॅसेट मागं न्यायला बटण दाबत न्हाई, पेन्सिल घालून हातानं फिरवतो. कानातलं काढायचं ते फक्त झोपताना. तिथंच घोटाळा झाला. तुमची ताई माझ्यावर कावून माहेरी आली, हे तिनं तुमाला सांगितलंच असंल. आता माझंही ऐका. त्या दिवशी मी भजनात रंगलतो, मान डोलत होती. ताई समोर उभी राहून काय काय बोलली, देवाला ठाऊक. मागाहून शेजारच्या भिवराबाईनं सांगितलं, की ती तीनदा म्हणली, "मग जाऊ का मी माहेरी?" आन् मी तिन्ही वेळा मान हलवली. चौथ्यांदा तिनं इचारलं न्हाई. पिशवी घेतली आन् यष्टीत बसली.

पुढच्याच आठवड्यात चंद्रीला घेऊन मी छावणीत आलो. तिला पहिल्यापासून ताईचाच हात आन् ताईचाच आवाज. मी कासेला हात लावला की पान्हा चोरते. (ताईचं लुगडं नेसून बसलो. चंद्रीनं वळून हुंगलं आन् लाथ घातली. छावणीनं दोन दिवस हसून घेतलं.) तवा ध्यानात आलं, तुमी दिवाळीत वॉकमनचं लाल बटण दाबून भजनाच्या मागच्या बाजूला ताईचा आवाज भरलता, ती गोठ्यात धार काढत होती तवाचा. कानातलं चंद्रीच्या कानाला सुतळीनं बांधलं. तिनं कान फडकवला, ते गेलं शेणात. शेवटी दूध सोसायटीचे सेक्रेटरी आप्पाराव यांच्या हातापाया पडून वॉकमन छावणीच्या भोंग्याला जोडला.

काय सांगू! "ये गं माझी बाय, सोड गं" एवढं भोंग्यातून आलं, आन् चंद्री घळाघळा पान्हावली. मी इतका हरखलो की कॅसेट बंद करायचं राहिलं. पुढं ताई माझ्याकडं वळलेली हाय: "आन् तुमी काय बघत उभे? म्हशीला पाणी कोण दावणार, तुमचा आजा?" भोंगा लई लांबवर ऐकू जातो, बंकटराव. तीस-चाळीस गडी बाजेवरून उठले आन् मुकाट बादल्या घेऊन टाकीकडं पळाले. तवापासून छावणीत एक जनावर तहानलेलं न्हाई, सोसायटीचं दूध वाढलं, आन् आप्पाराव सकाळ-संध्याकाळ कॅसेट लावतात. पण ती हाय सात मिनिटांची, लावून लावून घासली. (गडीही सरावलेत, नवं बोलणं पाहिजे.) म्हणून सोसायटीच्या वतीनं विनंती, की ताईच्या आवाजाची नवी कॅसेट भरून धाडावी. कोरी कॅसेट सोबत दिली हाय, साठ मिनिटांची. काय बोलायचं ते तिला सांगावं लागणार न्हाई.

थोरांना दंडवत, लेकरांना पापा.

तुमचा दाजी,
शहादेव

ता. क. ताई मशिनीत बोलायला तयार नसंल तर बळजबरी करू नका. समक्ष येऊन बोलली तरी सोसायटीची हरकत न्हाई.

आणखी एक ता. क. मान हलवली ती भजनाला, हे तिला नीट समजावून सांगा. मला ऐकू आलं असतं तर मी उंबऱ्यात आडवा पडलो असतो. चूक माझीच हाय. तिकडं पाटाचं पाणी हाय, इकडं टँकर आन् मी. तरी इचारतो.

शेवटचा ता. क., हा वाचून फाडून टाका. भोंग्यावर कॅसेट लागली ती एकदाच. दुसऱ्याच दिवशी गड्यांनी अर्ज देऊन बंद पाडली. सोसायटीला या पत्राचा पत्ता न्हाई. चंद्रीही आता माझ्या हाताला सरावली, बिनकॅसेटचं दूध देते. कॅसेट घासली ती मी एकट्यानं ऐकून. माजलगावची पहिली गाडी वडवणीला येते तवा मी स्टँडवरच असतो. पंधरा दिवस झाले, रोज असतो.