रिकाम्या पेटीतलं आयोडीन

शुक्रवार, १४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी तब्येत सुधारली असेल, बाळ आता रात्री झोपू देत असेल. भावोजींना विचारलंय म्हणून सांग. मी मजेत.

मावशी झाली, पण तोंड दाखवायला मुहूर्त सापडेना, हा तुझा टोमणा आईने पोचवला. मी कामाचं निमित्त सांगितलं होतं. काम खरंच होतं.

अणुभट्टीच्या आसपासची माती, पाणी, दूध आम्ही शिशाच्या पेटीत ठेवून मोजतो. आतून येणाऱ्या किरणांचा आलेख प्रोग्राम वाचतो आणि शिखर कुठे उठलं त्यावरून पदार्थाचं नाव सांगतो. आम्ही त्याला खबऱ्या म्हणतो. सोमवारी त्याने दुधात आयोडीन सांगितलं, भट्टी गळली की आधी बाहेर येतं ते. दुसऱ्या गावच्या दुधातही तेच. मग रिकाम्या पेटीतही.

साहेबांनी दार लावून घेतलं. त्या खोलीला खिडकी नाही. म्हणाले, खबऱ्या तू सांभाळतेस, तूच शोध. तोवर दूधविक्री बंद. गवळ्यांनी फाटकाशी दूध ओतलं. वास आतपर्यंत आला.

मी चहाला गेले की शिखर बसायचं. परतले की उठायचं. हे फक्त माझ्याच लक्षात आलं.

एक वाट होती. भिंतींतून, जमिनीतून कायम येणारे किरण ‘नेहमीचे’ म्हणून नोंदवले की खबऱ्या ते वजा करतो. मलाही नेहमीचं ठरवायचं, की सुटले. बटणावर बोट ठेवलं होतं. पण उद्या भट्टीतून खरंच थोडं आलं, तर तेही वजा होणार. ते दूध तुझ्या घरी येतं.

साहेबांना म्हटलं, “दूध चांगलं आहे. आयोडीन माझ्यात आहे.”

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. मग विचारलं, “घरी माहीत आहे?”

गळ्यातली गाठ, ऑपरेशन, उरलंसुरलं जाळायला औषध म्हणून दिलेलं हेच आयोडीन. तुझ्या बाळंतपणाच्या तोंडावर कोणाला सांगणार? डॉक्टरांनी सांगितलेली रजाही पुरी घेतली नाही. आईने कारण विचारलं असतं. माझ्यातून येणारे किरण अडवायला पेटीचं शिसं पुरेल असं वाटलं.

दूध सुरू झालं. मी घरात बंद. शेजारीण दाराबाहेर डबा ठेवते. तिची पावलं जिन्यात विरली की मी कडी काढते.

आठ दिवसांत ते निम्मं होतं, पुढच्या आठांत त्याच्या निम्मं. आधी रिकाम्या पेटीशेजारी उभी राहीन. खबऱ्या गप्प राहिला, की बाळाला घ्यायला येईन.

आईला तू सांग. माझ्याने होत नाही.

अजून लांबूनच,
तुझी धाकटी