पुढच्या खोलीवरचा माझा हक्क

मी, खाली सही करणारी, फोटोफ्रेमच्या दुकानातली थोरली सून, धंदा काच कापणे आणि फ्रेम जोडणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. हात थोडा थरथरतो, पण तो फक्त लिहिताना. काचेवर ठेवला की स्थिर होतो. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. हे सांगताना ते माझ्याकडे न बघता माझ्या धाकट्या जावेकडे बघत होते, त्यावरून मी काय ते समजले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. धाकट्या जावेचे तर मुळीच नाही, जरी हे लिहीत असताना ती खाली जिन्याच्या पायरीवर बसून असली तरी.

या मृत्युपत्रात जिला 'धाकटी' म्हटले आहे ती हीच, माझ्या दिवंगत दिराची बायको.

१. दुकानाच्या वरच्या माझ्या दोन राहत्या खोल्या आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते माझ्या मुलाला मिळावे. मुलगा गुणी आहे. तरी हेही लिहून ठेवते की, नोकरी लागल्याचा पहिला फोन त्याने काकूला केला आणि दुसरा मला. लग्न ठरवले तेही आधी काकूला कळले. मी विचारले तेव्हा म्हणाला, "अगं आई, तू आत करवत चालवत असतेस, तुला रिंग ऐकूच येत नाही. काकू काउंटरवर असते, फोन तिच्या हाताशी असतो." कारण खरे आहे. म्हणून तर जास्त लागते.

२. माझे लोखंडी कपाट सुनेला. ते उघडताना दार थोडे उचलून ओढावे लागते. सासूबाईंचेच ते कपाट. सासूबाई शेवटच्या आजारात होत्या तेव्हा मी पाण्याचा पेला घेऊन उशाशी उभी होते, आणि त्यांनी पाणी मागितले ते धाकटीकडे. तिच्या हातात पेला नव्हता. तिने तो माझ्या हातातून घेतला आणि त्यांना पाजला. कपाटाशी याचा संबंध नाही, पण कपाटाचे नाव निघाले की आठवते.

३. आता मुख्य गोष्ट. दुकानाच्या खोल्या दोन. मागच्या खोलीत काच, लाकडाच्या पट्ट्या, करवत, सरस आणि मी. पुढच्या खोलीत काउंटर, रस्त्याकडची मोठी काच, पंखा आणि धाकटी. ही वाटणी कोणी केली नाही, ती पडत गेली. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा मीच म्हणाले, "चार दिवस पुढे बस, तुला माणसांची ओळख होईल." ती बसली ती बसलीच. लोक रस्त्यावरूनच तिला "काय वहिनी, बरं आहे ना?" विचारू लागले. तिचे हसू असे आहे की उधारी बुडवायला आलेला माणूससुद्धा एक फ्रेम जास्त घेऊन जातो. मी आरशासमोर तसे हसून बघितले आहे. मला जमत नाही.

सासरे गेले, पाठोपाठ आमच्या दोघींचे नवरे गेले, आणि कागदोपत्री दुकान सासऱ्यांच्याच नावावर राहिले. सासऱ्यांनी मला सांगितले होते की पुढची खोली थोरलीची. धाकटी म्हणते, तिला सांगितले होते की पुढची खोली धाकटीची. दोघीही खरे बोलत असू. सासऱ्यांना कटकट नको असे, समोर जो असेल त्याला ते हो म्हणत. वर्षानुवर्षे कोणी विषय काढला नाही. मग दुकानाची पाटी नव्याने रंगवून आली आणि तिच्याखाली फोन नंबर होता. एकच. तिचा. मी म्हणाले, "माझा नंबर?" ती म्हणाली, "ताई, तुम्ही कुठे उचलता?" त्याच दिवशी मी वकील करायचे ठरवले, आणि तिला तसे सांगितलेही.

४. वकील शोधणे मला सोपे वाटले होते, कारण आमच्या शहरातल्या बहुतेक वकिलांच्या सनदा माझ्या हाताखालून गेल्या आहेत. सनद मिळाली की ती गुंडाळी करून माणूस आधी आमच्या दुकानात येतो. कोणी कोणती पट्टी निवडली हे मला चेहऱ्यापेक्षा जास्त लक्षात राहते.

पहिले, कोर्टासमोरचे जुने वकील. त्यांच्या डोक्यामागे माझी फ्रेम होती, काळी पट्टी, आतून सोनेरी रेघ. त्यांनी विचारले, "आपण?" मी दुकान सांगितले. ते एकदम खुलले. "अच्छा, म्हणजे वहिनींच्या जाऊबाई!" माझ्याच फ्रेमखाली बसून मी तिची जाऊबाई झाले. मग ते म्हणाले, "वहिनी गेल्याच आठवड्यात येऊन गेल्या. त्यांची बाजू मी सगळी ऐकलीय, आता तुमचं वकीलपत्र मला घेता येणार नाही. बरं दिसत नाही ते."

दुसरे बँकेच्या माडीवरचे. तिथे माझी अक्रोडी फ्रेम. "त्या येऊन गेल्या." तिसऱ्यांकडे फ्रेम वाकडी टांगलेली होती, ती मी आधी सरळ केली आणि मग खुर्चीवर बसले. "जाऊबाई ना? परवाच येऊन गेल्या." मी विचारले, "मग त्यांनी तुम्हाला नेमलं का?" ते म्हणाले, "तेच तर. सगळं ऐकवलं, आणि मधेच उठून गेल्या." चौथ्यांच्या कारकुनाने मला दारातूनच ओळखले आणि नुसती मान हलवली.

हिने शहरातले वकील झाडून सगळे उष्टे करून ठेवले, अशी माझी खात्री झाली. अंगाचा तिळपापड झाला. आणि त्या रागातही मला तिचा हेवा वाटला, की ही युक्ती आधी मला का सुचली नाही.

करवतीचा पट्टा दाखवायला मी शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांकडे गेले होते. त्यांना माझा चेहरा बघून राहवले नाही. म्हणाले, "माझ्या माडीवर एक वकीलबाई बसतात. नव्या आहेत. खोलीत पंखा नाही, पण बोलणं सरळ आहे." मी वर गेले. भिंत मोकळी होती. सनद टेबलाच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत. मी म्हणाले, "फ्रेम?" त्या म्हणाल्या, "करायचीय अजून." मी तिथेच वकीलपत्रावर सही केली.

सही झाल्यावर त्यांनी विचारले, "तुम्हाला नेमकं काय हवंय? खोली, की जाऊबाईंची हार?"

"दोन्ही मिळत नसेल तर दुसरं."

"ते कोर्ट देत नाही. आपण खोलीचंच लिहू."

या वकीलबाईंना मी त्यांच्या सनदेसाठी फ्रेम करून ठेवली आहे, सागवानी, चारही कोपरे बिनखिळ्याचे. ती मागच्या खोलीत दाराआड आहे. ती त्यांना द्यावी. धाकटीने ती काउंटरवर ठेवून कोणाला दाखवू नये.

५. दावा चालू आहे. तारखेला दोघी जातो त्या एकाच बसने, कारण त्या वेळेला बस एकच आहे. ती डबा दोघींचा आणते. पहिल्यांदा मी नको म्हणाले तर म्हणाली, "ताई, भांडण कोर्टात आहे, पोट इथे आहे. खा." मी खाल्ले. तिच्या हाताला चव आहे, याचाही मला राग येतो.

मागच्या खेपेला तिची उलटतपासणी झाली. वकीलबाईंनी विचारले, "तुम्ही चार वकिलांकडे जाऊन आलात आणि चौघांपैकी एकालाही नेमलं नाहीत. माझ्या अशिलाला वकील मिळू नये, यासाठीच ना?"

धाकटी म्हणाली, "नाही हो. मला कुठलं एवढं सुचायला?"

"मग का गेलात?"

तिने एकदा माझ्याकडे बघितले. मग कठड्यावरच्या स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाली, "पहिल्या वकिलांना मी सगळं सांगितलं. दुकान मी सांभाळलं, माणसं मी जोडली, खोली माझी. ते म्हणाले, बरोबर आहे. मग वर बघून म्हणाले, ही फ्रेम बघा, इतकी वर्षं झाली, कोपरा हललेला नाही, तुम्ही केली का? मी म्हटलं, नाही, ताईंनी. तर म्हणाले, मग दुकान त्यांचंच म्हणायचं की! हसतच म्हणाले, पण मला तिथे बसवेना. दुसऱ्यांकडे गेले, तर तिथेही भिंतीवर ताईच. तिसऱ्यांकडे ताई, चौथ्यांकडे ताई. किती वर्षं झाली, गिऱ्हाईक येतं, फ्रेम हातात घेतं, विचारतं, ही कोणी केली? मी आत बोट दाखवते. माझं बोट दुखायला लागलं हो."

मागे कोणीतरी हसले. न्यायाधीशसाहेबांनी चष्मा काढला आणि पुसला. तिचा वकील कपाळाला हात लावून बसला. तिने शेवटी नेमला तो हाच, ज्याची सनद बाजारातल्या तयार प्लास्टिकच्या फ्रेममध्ये आहे; हाच का, ते मला त्या दिवशी कळले.

मी आयुष्यात इतके गोड काही ऐकले नव्हते. धाकटी माझ्यावर जळत होती! पंख्याखाली बसून, हसतहसत, इतकी वर्षे. मला वाटत होते आमच्या घरात हे काम मी एकटीच करते आहे. मी वकीलबाईंच्या कानाशी जाऊन म्हणाले, "पुन्हा विचारा."

त्या म्हणाल्या, "आता गरज नाही."

"मला आहे."

त्यांनी विचारले नाही. परतीच्या बसमध्ये धाकटी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ऐकलंत ना? झालं समाधान?" मी म्हणाले, "नाही." तिने डबा उघडला.

६. काच कापायचा हिरा, पितळी मुठीचा. तो सासूबाईंनी सगळ्यांसमोर माझ्या हातात दिला होता. तेव्हा धाकटीचे डोळे भरले होते आणि मला वाटले, लाकडाचा भुसा गेला असेल. तो हिरा धाकटीला द्यावा. तिला तो चालवता येणार नाही. ती चालवून बघेल, काच भलतीकडेच तुटेल, आणि तेव्हा तिला माझी आठवण येईल. हाच हेतू आहे, दुसरा कोणता काढू नये.

७. मागच्या खोलीतला माझा वाटा आणि बाकीची हत्यारे मुलाच्या नावे. तो स्वतः हे काम करणार नाही, तेव्हा कारागीर धाकटीने बघावा. तो कसाही मिळो, पण त्याने माझ्या स्टुलावर बसू नये. स्वतःचे आणावे.

८. पुढची खोली. मी मुलाला विचारले की माझ्या पश्चात दावा तू चालवशील का. तो म्हणाला, "आई, मी काकूविरुद्ध उभा राहणार नाही. तू रागाव, पण नाही राहणार." म्हणजे मी गेले की दावा पडला, आणि धाकटी घरबसल्या जिंकली. हे मला सोसवत नाही. म्हणून तिने जिंकायच्या आत पुढच्या खोलीवर माझा जो काही हक्क असेल तो मी स्वतः तिला देते. कोर्टाने दिली असती तर खोली तिची झाली असती. मी दिली तर ती कायम माझी दिलेली राहील. रोज सकाळी कुलूप काढताना तिला हे आठवावे.

याला एक अट आहे. रस्त्याकडच्या काचेत मधोमध मी केलेली शिसवी फ्रेम टांगावी. तिच्यात कोणाचा फोटो लावू नये, माझा तर नकोच. माझे फोटो चांगले येत नाहीत. फ्रेम रिकामीच ठेवावी. लोक थांबतील आणि विचारतील, ही कोणी केली? धाकटीने सांगावे, माझ्या जाऊबाईंनी. आत बोट दाखवून चालणार नाही, कारण आत मी नसेन. तोंडाने सांगावे लागेल.

वकीलबाई म्हणाल्या, "अशी अट टिकायची नाही. त्या सांगतात की नाही, हे बघायला रोज कोण बसणार?"

मी म्हणाले, "कोणी बसायला नको. ती सांगेल. भर कोर्टात स्वतःची बाजू बुडवून तिने खरं सांगितलं. तिला खोटं बोलता येत नाही. तिच्या हसण्यापेक्षा, तिच्या हाताच्या चवीपेक्षा, मला तिच्या याच गोष्टीचा सगळ्यात जास्त हेवा वाटतो."

वकीलबाईंनी पुढे वाद घातला नाही. अट लिहू दिली.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. साक्षीला धाकटी तयार होती. मला जिना चढवत वर घेऊन आली ती पेन उघडूनच, माझ्याआधी सही करायच्या बेताने. वकीलबाईंनी तिला सांगितले की ज्याला काही मिळणार असते त्याची साक्ष घेत नाहीत. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पेनला टोपण लावले आणि खाली जाऊन बसली.

१०. ऑपरेशन नीट झाले आणि मी परत आले, तर हा कागद वकीलबाईंच्या खणात राहील, वर लिहिलेल्यातले कोणी काही बोलणार नाही, आणि दावा पुढच्या तारखेला चालेल. मी एक पाऊल मागे हटणार नाही. धाकटीने डबा दोघींचा आणावा.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, स्वतः वाचला, आणि त्यातला एकही शब्द मला खोडायचा नाही.

सही: थोरली
ठिकाण: वकीलबाईंची माडीवरची खोली
दिनांक: अठरा जून, दुपार

साक्षीदार, ज्यांच्यादेखत ही सही झाली आणि ज्यांनी माझ्यानंतर सह्या केल्या:
१. खालच्या मजल्यावरचे शिलाई मशीन दुरुस्त करणारे
२. कोर्टासमोरचे जुने वकील, काळ्या पट्टीच्या फ्रेमवाले