टांगा अड्ड्याच्या हौदात ठेवलेल्या मरळ माशाबाबत

प्रति,
मा. आरोग्याधिकारी साहेब,
नगरपालिका, कोल्हापूर.

विषय : मोटारींचे जळके ऑइल ओढ्यात सोडणे बंद होणेबाबत, व तोवर टांगा अड्ड्यावरील घोड्यांचा हौद न फोडणेबाबत.
संदर्भ : मुकादम आकाराम यांनी हौदावर चिकटवलेली नोटीस (घोडे उरले नसल्याने येत्या सोमवारी फोडणार).

महोदय,

१. अर्जदार उभा जन्म टांगा हाकत आला असून स्टेशन ते महाद्वार या वाटेत उतारूंस गोष्टी सांगत असे. त्या खोट्या असतात असे गावात म्हणतात. त्याबाबत येथे वाद घालत नाही. परंतु गोष्टीला हुंकार लागतो, हे साहेबांस मान्य व्हावे. समोरच्याने 'हूं' म्हटल्याखेरीज गोष्ट पुढे सरकत नाही. घरी हुंकार पत्नी बायडाबाई देई. ती वारल्यावर पाखऱ्या घोडा फुरफुरून देई. पुढे उतारू मोटारीत बसू लागले आणि पाखऱ्याही गेला.

२. तेव्हापासून अर्जदार ओढा पंचगंगेला मिळतो तिथल्या डोहावर बसतो. तेथे एक म्हातारा मरळ मासा आहे. लांबी हातभर. (अड्ड्यावर मी टांग्याच्या दांडीएवढी सांगितली आहे, हा सरकारी अर्ज असल्याने हातभर.) या माशाला वरची हवा लागते. थोड्या थोड्या वेळाने तो वर येतो, तोंड उघडून 'बुडुक' करतो व खाली जातो. तेही बरोबर गोष्टीच्या वळणावर.

३. आता ओढ्याकाठी मोटारदुरुस्तीचे दुकान निघाले असून तेथील जळके ऑइल ओढ्यातून डोहात येते. पाण्यावर मोरपिसासारखा तवंग दिसतो. दिसायला झकास. पण मासा हवेला वर आला की तोंडभर तेल. गेल्या श्रावणात त्याने लाल पिलांचा गोळा राखला होता. पिले हवा घ्यायला वर आली ती उलटी होऊन तरंगली. बाप त्यानंतरही रिकाम्या जागेभोवती फिरत राहिला. हल्ली तो लहान मासा धरतो आणि सोडून देतो. त्यालाही तेलाचाच वास. कल्ले काळे पडले, एका डोळ्यावर पांढरा पडदा आला. तवंगाच्या भीतीने वर येईनासा झाला. सबब माझी गोष्ट अर्ध्यावर अडकली.

४. म्हणून परवा पहाटे त्यास ओल्या पोत्यात गुंडाळून टांग्याने अड्ड्यावर आणले. घोडा नसल्याने टांगा अर्जदारानेच ओढला. वाटेत कागलच्या एका पावण्याने "स्टेशनला येणार का?" असे विचारले. "उतारू बसलाय की," असे सांगितले.

५. मासा हौदात सोडताच मुकादम म्हणाले, "आण्णा, हौद घोड्याचा हाय. ह्यो खिंकाळतोय व्हय?" त्यास उत्तर असे की, माझ्या परवान्यात 'जनावर : एक' एवढेच लिहिले आहे. कोणते, ते लिहिलेले नाही. तरी सदर मासा पाखऱ्याच्या जागी धरण्यात यावा. तो चंदी मागत नाही, नाल मागत नाही, रस्त्यात लीद टाकत नाही.

६. दुकानदारास ऑइल डब्यात धरून ठेवण्याचा हुकूम व्हावा. डोह निवळला की मासा परत सोडीन. हौदात त्याला धड वळताही येत नाही, हे मला दिसते.

७. आज तो कडेला कलून आहे. सकाळपासून दोनदाच वर आला. सोमवारपर्यंत टिकेल की न्हाय, सांगवत नाही. न टिकल्यास हौद खुशाल फोडावा, अर्जदाराची हरकत नाही. मात्र मुकादमांस पहार घेऊन जरा लवकर पाठवावे. गोष्ट थोडीच उरली आहे. त्यांनी काठावर बसून मध्ये मध्ये 'हूं' म्हणावे. हसत म्हटले तरी चालेल.

आपला नम्र व अड्ड्यावर केव्हाही सापडणारा,
कृष्णात सखाराम भोपळे
टांगेवाला
कोल्हापूर, ता. ९ एप्रिल १९५५

सोबत : १) टांग्याचा परवाना (परत मिळावा).
२) मासा गुंडाळलेल्या पोत्याचा तुकडा. साहेबांनी स्वतः वास घेऊन पाहावा.