वरचं बेट

१२ ऑक्टोबर, रविवार

"समुद्र काय, हितंच तर हाय. कधीपण जाऊ." लग्नानंतर आठवड्याभरात हे असं म्हणाले होते. मी बावीस वर्षांची होते आणि 'कधीपण' हा मला एखादा वार वाटला होता. आता त्रेचाळीस पूर्ण झाली. समुद्र अजून तिथंच आहे. हेही तिथंच आहेत, म्हणजे एमआयडीसीत. कधी फर्स्ट शिफ्टला, कधी सेकंडला, कधी नाइटला.

तक्रार नाही. मी तक्रार करणाऱ्यातली नाही.

निर्णय: या वर्षी जायचं. जवळचा समुद्र नकोच, जवळच्या गोष्टी राहून जातात. सरळ अंदमान. त्यातही गर्दी नको. दोन बेटं काढून ठेवली आहेत, नील आणि लाँग आयलंड. दोन्हीकडे पांढरी वाळू, नारळ, शांतता. यांची आठवड्याभराची रजा डिसेंबरअखेर वाया जाणार आहे, ती वापरायची. आता फक्त दोनातून एक निवडायचं, शांत डोक्यानं.

उन्हाची टोपी मागवली. तिकिटाआधी टोपी म्हणजे उतावळेपणा नव्हे. शाळेच्या ऑफिसात जाता-येतानाही ऊन असतंच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

यांना सांगितलं. नाइटला निघायच्या आधी जेवत होते. म्हणाले, "बघू."

यांच्या 'बघू'चा माझा दांडगा अभ्यास आहे. मान वर करून म्हटलेलं बघू म्हणजे नाही. बूट घालताना म्हटलेलं म्हणजे ऐकलंच नाही. आजचं तोंडात घास असताना आलं. तोंडात घास असताना माणूस उगीच कशाला बोलेल? म्हणजे होच.

संमती मिळाली. पुढचं काम सोपं.

१९ ऑक्टोबर, रविवार

प्रियदर्शिनी सुट्टीला आली आहे. पुण्याला राहून तिला सगळ्यातलं सगळं कळायला लागलंय. तिने मोबाइलवर दोन्ही बेटं दाखवली. नीलला रस्ते, दुकानं, सायकली भाड्याने. लाँगला काहीच नाही. जेटीवर उतरायचं, मग किनाऱ्यापर्यंत जंगलातून चालायचं किंवा छोटी होडी करायची.

"आई, तिथं नेटवर्कपण नसेल धड."

मी म्हटलं, तेच तर हवंय. (नंतर स्वयंपाकघरात फोन बाजूला ठेवून बघितला. कणीक भिजवून होईपर्यंत सहज जमलं.)

मग तिने विचारलं, "पण पप्पा तिथं करतील काय?"

मी म्हटलं, माझ्याशी बोलतील.

ती पाणी पीत होती. हसताना नाकात गेलं. पाठ थोपटावी लागली. यात एवढं हसण्यासारखं काय होतं ते मी विचारलं नाही. पुण्याची हवा तिला मानवत नसावी.

२२ ऑक्टोबर, बुधवार

टोपी आली. फोटोत होती त्यापेक्षा बरीच रुंद निघाली. घालून दारातून आडवं जावं लागतं. परत करायची मुदत आहे, पण करणार नाही. बेटावर दारं किती असणार?

संकल्प: रोज सकाळी चालायला जाणे, जंगलातल्या वाटेची तयारी म्हणून. उद्यापासून.

पोहायला शिकायचा विचार केला आणि सोडला. गुडघाभर पाण्यात उभं राहायला काय शिकायचं? आणि महाडच्या बाईला पाण्याचं शिक्षण कोण देणार? इथं पुराचं पाणी आपणहून घरी येऊन कपाटं उघडून बघून गेलेलं आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

गावी गेलो. पोलादपूरच्या पुढे आंबेनळीच्या रस्त्याने, मग आत. हे बाहेरच मोटारसायकल पुसत थांबले. मी आईंना, म्हणजे सासूबाईंना, बातमी स्वतः सांगितली. मोठ्या माणसांना विश्वासात घेतलेलं बरं. आमचं मोठं खटलं, कोण कधी कशावरून रुसेल नेम नाही.

सुंदराबाई नाव असलं तरी आईंचा तोंडवळा कायम चौकशी लावल्यासारखा. नाचणी पाखडत होत्या.

मी म्हटलं, "आई, आम्ही दोन बेटं बघून ठेवलीत. त्यातलं एक घ्यायचं म्हणतोय."

सूप थांबलं. "कोणचं गो?"

"शांत आहे ते. जिथं कुणी फारसं जात नाही."

"वरचं?"

मला कौतुक वाटलं. नकाशात लाँग आयलंड खरंच वर आहे, नील खाली. म्हटलं, "हो, वरचंच."

"राजेंद्राच्या नावावर?"

"बुकिंग त्यांच्याच नावावर होणार ना."

"मग गणूला काय?"

गणूभाऊजी यांचे थोरले भाऊ, आईंना सांभाळून गावातच असतात. आईंना दोन्ही लेकरं सारखी. मी समजुतीने म्हटलं, "भाऊजींना खालचं घेऊ दे. पाहिजे तर पुढच्या वर्षी."

आईंचे डोळे भरून आले. बराच वेळ मागच्या डोंगराकडे बघत बसल्या, जिथं आमच्या कळकांशिवाय बघण्यासारखं काही नाही. लेकाच्या सुखाने आईला असंच होत असणार. मलाही भरून आलं.

निघताना त्यांनी मला दरवेळची नाचणीची पिशवी दिली नाही. आनंदात विसरल्या.

३० ऑक्टोबर, गुरुवार

नवल. गणूभाऊजी महाडला घरी आले. हे ड्यूटीवर. भाऊजी खुर्चीच्या कडेला बसले. चहाला नको म्हणाले, पाण्यालाही नको.

"वैनी, तुमाला काय घ्यायचं ता घ्या. मी आडवा येनार नाय."

किती मोठं मन! मी म्हटलं, "तुम्ही आडवे येणार नाही हे मला माहीतच होतं."

 मग म्हणाले, "बाबांच्या माघारी सगळं कुनी सांभाळलं, येवढंच इसरू नका."

"तुम्हीच सांभाळलंत. आणि पुढेही तुम्हीच सांभाळा. आम्ही आपले मजा करून परत येऊ. आल्यावर फोटो दाखवीन."

भाऊजी उठले. चपला घालताना उजवी डाव्या पायात घातली. मी टोपी दाखवणार होते, पण ते फाटकाबाहेर पडलेसुद्धा.

घरच्या सगळ्यांचा असा पाठिंबा फार कमी सुनांना मिळतो.

३ नोव्हेंबर, सोमवार

ठरलं. लाँग आयलंड. दोन्हींचे फायदे-तोटे शांतपणे तपासले. नीलला जेवणाच्या जागा जास्त, म्हणजे हे मेनूकार्ड वाचत बसणार. सायकली आहेत, म्हणजे सायकलची चेन तेल मागतेय का हे बघत बसणार. लाँगला बघत बसायला काहीच नाही. मीच.

निवड अगदी तटस्थपणे केलेली आहे.

यांना रजेचं विचारलं. म्हणाले, प्लँटला शटडाऊन आहे, मशिनं उघडलीत, या महिन्यात साहेब कुणालाच रजा देत नाहीत. अर्ज करूनच बघणार नाही म्हणाले. मी ते तत्त्वतः मंजूर असं धरते.

सकाळचं चालणं: उद्यापासून नक्की.

९ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी विनाकारण माझ्यावर ढकलायला नको.

आईंचा निरोप आला होता, दोघं या. गेलो तर विहाराच्या ओट्यावर सगळी भावकी बसलेली. जय भीम झालं. पण जय भीम घालतानाही कुणी हसलं नाही. भाऊजी खांबाला टेकून, मान खाली. चुलतदीर सुनीलच्या मांडीवर दोरीचं वेटोळं.

सुनीलने सुरुवात केली. "बेटाचा इषय हाय. वैनीनी वरचं बेट मागितलंय, आईनी ऐकलंय."

खरं सांगते, क्षणभर माझी छाती भरून आली. माझ्या सहलीसाठी आख्खी भावकी! सुनीलने विचारलं, "वरच्या बेटाला वाट कुठनं ठरवायची? गणूच्या वावरातनं जानार काय?"

मी म्हटलं, "वाट कशाला? बोटीनं."

 म्हातारे चांगूकाका कानावर हात धरून शेजारच्याला म्हणाले, "काय म्हनली?"

"बोटीनं म्हनली."

"डोंगरावर?"

मग माझ्या लक्षात आलं. घरामागच्या डोंगरात आमची कळकांची, म्हणजे बांबूची, दोन बेटं आहेत. एक ओढ्याजवळ, खालचं. एक चढावर, वरचं. सासरे गेल्यापासून सामाईक आहेत, आणि त्यांच्या वाटणीचा शब्द काढायचा नाही असं दोघा भावांनी न बोलता ठरवलेलं आहे. तो शब्द मी नाचणीच्या सुपाजवळ बसून काढला होता. एकवीस वर्षं या घरात राहून.

मी मोबाइल काढला. लाँग आयलंडचा फोटो हातोहात फिरला. आईंनी डोळ्याजवळ धरून बघितला. "ह्यात कळक कुठं हाय?"

आणि हे हसले. भिंतीला हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. यांचा वरचा एक दात पडलाय, हे मला आज कळलं. इतक्या दिवसांत त्यांनी माझ्यासमोर तेवढं तोंड उघडलेलंच नव्हतं.

भाऊजी मात्र हसले नाहीत. म्हणाले, "वैनी, माझ्या डोळ्याला डोळा नाय. भावानं मला टाकलं म्हनून दारात बसून काढल्या राती. आन् तुमी होडीत बसून चाल्लाव?"

मी माफी मागितली. हे उठून भाऊजींच्या शेजारी जाऊन बसले.  खांद्याला खांदा लावून बसले.

वाटलं, मिटलं. पण आई म्हणाल्या, "बेटाच्या इषयाला तोंड फुटलंच हाय, तर आता करून टाका. मी हाय तवर होऊ दे."

लगेच झालं. खालचं भाऊजींना. वरचं आम्हाला. कारण वैनीने स्वतःच्या तोंडाने वरचं मागितलं होतं, ह्याला आई साक्षी आहेत. वरच्याला धड वाट नाही, माल खाली आणायचा तर डोक्यावरून. दोन वर्षं तोड झालेली नाही, ती आता करायची. दोघा भावांनी मिळून.

१२ नोव्हेंबर, बुधवार

यांनी रजेचा अर्ज दिला. कारण: बेटाचे काम. साहेबांनी शटडाऊनमध्येही त्याच दिवशी सही केली. घरच्या जमिनीचं आहे म्हटल्यावर नाही कसं म्हणणार, असं हे म्हणाले. २४ ते ३०. शिल्लक सगळी संपली.

म्हणजे माझं म्हणणं खरं ठरलं. रजा मिळते. मागावी लागते.

प्रियदर्शिनीला फोनवर सांगितलं. ती हसायची थांबेना. मग अचानक म्हणाली, "आई, तू रडतेयस का?" कांदा चिरत होते. कांदा नव्हता, पण चिरणारच होते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मीही शाळेतून रजा घेतली. नाहीतरी मागितलेलीच होती. सहल रद्द झालेली नाही. स्थळ बदललं, एवढंच.

आज वर चढलो. अर्ध्या वाटेत तीनदा बसले. सकाळच्या चालण्याचा संकल्प मोडला नसता तर दोनदाच बसले असते. टोपी घातली होती, ती कळकांत अडकून बसली. भाऊजींनी आकडीने काढून दिली. "वैनी, ही टोपी हाय का इरलं?" पंधरा दिवसांनी माझ्याशी बोलले. टोपी वसूल झाली.

वर नेटवर्क नाही. माणूस नाही. वारा आला की कळक एकमेकांवर घासून कुरकुरतात. माझ्या सगळ्या अटी पूर्ण.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

हे बोलतात. मला माहीतच नव्हतं, केवढं बोलतात. कोयता चालवत, घाम पुसत, सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत. लहानपणी ओढ्यात धरलेले खेकडे. बाबांचा मार. प्लँटमध्ये एकदा व्हॉल्व्ह फुटला आणि हे थोडक्यात वाचले, तेव्हा कंट्रोल रूमच्या मागे बसून थरथरत होते.

ते मला कधी सांगितलं नव्हतं. मी चहा गाळत होते.

सगळं भाऊजींना सांगतात. भाऊजी "हां रे", "मग रे" करतात. माझ्याकडे वळून हे म्हणतात, "साखर कमी झालीय."

माझी योजना काही चुकलेली नाही. नेटवर्क नसलेल्या बेटावर नेलं की हे बोलतील, असं मी म्हटलं होतं. बोलतायत. कुणाशी, ते मी नीट लिहून ठेवायला हवं होतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पाठ धरली. काही लिहावंसं नाही.

आईंनी न मागता पाठीला तेल लावून दिलं. म्हणाल्या, "त्या पान्यातल्या बेटावर काय करनार होतीस गो?"

मी म्हटलं, काही नाही. नुसतं बसणार होतो.

आई म्हणाल्या, "दोघं?" आणि बराच वेळ तेल चोळत राहिल्या.

३० नोव्हेंबर, रविवार. वर, बेटाजवळ

रजेचा शेवटचा दिवस. भाऊजी शेवटच्या खेपेचा भारा घेऊन खाली गेले. तोड झाली. बेट हलकं दिसतंय, मधून पलीकडची दरी दिसते. मी दगडावर बसून लिहितेय. हे दहा पावलांवर उरलेल्या फांद्या गोळा करतायत. गप्प आहेत. भाऊजी खाली गेले तसे गप्प झाले.

उद्या फर्स्ट शिफ्ट. मला शाळा.

अंदमानचं पुढच्या वर्षी, असं लिहिणार होते. खोडलं. आज खोटं लिहिण्याएवढी पाठ बरी नाही.

आता वही मिटते आणि यांना म्हणते, "अहो, त्या फांद्या राहू द्या. जरा वेळ इथं माझ्याजवळ बसता का? काही काम नाही, नुसतं." हे कोयत्याची धार अंगठ्याने बघत म्हणतील, उन्हं कलली, वाट उताराची आहे, आणि मग हे उचलायचं कुणी? तरी विचारते.