तुमच्या लेकाचा सुरक्षित फोन

आई, तुमच्या मुलाची मला किळस यायला लागली आहे. त्याचं गाऱ्हाणं तुमच्याकडेच करतेय, कारण माहेरी सांगितलं तर "अगं, काळजीपोटी करतो तो" एवढंच ऐकायला मिळेल. फोनवर लिहिलं तर एखाद्या दिवशी त्याच्या हाती लागेल. म्हणून ऑफिसच्या कँटीनमध्ये, डबा बाजूला सारून, कागदावर लिहितेय. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात बटणांचे साधे फोन होते, त्यामुळे आधी थोडं समजावून सांगावं लागेल. दिवाळीच्या आधी त्याने परदेशातून एक फोन मागवला, खास क्रिप्टोवाल्यांसाठी बनवलेला. क्रिप्टो म्हणजे पैसेच, पण नोटा नाहीत, बँक नाही. सगळं इंटरनेटवर, आणि त्याची चावी ज्याच्या त्याच्या फोनात. कॅमेरा आणि माइक बंद करायला वेगळं बटण. कुठलं ॲप आत घ्यायचं, कुणाला काय दिसू द्यायचं, सगळं मालकाच्या हातात. इथवर माझं काही म्हणणं नाही. वस्तू झकास आहे. पण सोसायटीत लिफ्टमध्ये, गच्चीवर, महिन्याच्या मीटिंगला, जो सापडेल त्याला धरून याचं भाषण सुरू: "यार, माझ्या फोनात काय आहे ते बघायचा हक्क कुणाच्या बापाला नाही!" आणि घरी आला की हाच माणूस सोफ्यावर बसून लेकीपुढे हात पुढे करतो, "आण फोन." शी!

मला तो दिवस अजून दिसतो. तुम्ही अंधेरीच्या औषधांच्या कारखान्यातून पॅकिंगची शिफ्ट करून आला आहात, ओट्याशी बांगडे साफ करताय. याला रिक्षासाठी सुटे हवेत, म्हणून तो न विचारता तुमची पर्स उघडतो. तुम्ही तशाच ओल्या हातांनी वळता आणि कडाडता, "मेल्या, परत माझ्या पर्सेक हात लावलस तर बघ!" लग्न झालेला, मिशी राखलेला बाप्या, पण गपचूप पर्स होती तिथे ठेवून दिली. त्याच आठवड्यात तुम्ही लोखंडी कपाटातला एक खण रिकामा करून मला दिलात. "ह्यो खण तुझो. चावी तुझ्याकडेच रवांदे." खरं सांगू? मी नवी सून, साडीची वाट बघत होते. जरा हिरमुसलेच होते.

गेल्या रविवारी तुमची नात मैत्रिणींबरोबर खाडीपलीकडे मनोरीच्या किनाऱ्यावर जायला निघाली. एकोणीस वर्षांची आहे आता. मला सांगून निघाली होती. मार्व्याच्या धक्क्यावर बोटीत पाय ठेवला नाही तोच याचा फोन: "बोटीत कशाला चढलीस? उतर आधी." म्हणजे त्याने तिच्या फोनात गुपचूप काहीतरी टाकून ठेवलं होतं. ती कुठे आहे, कुणाला काय लिहिते, सगळं याच्या त्या सुरक्षित फोनवर दिसत होतं. पोरीला सगळ्यांसमोर रडू आवरेना. ती तशीच परत फिरली, दिंडोशीतल्या मोबाइलवाल्याकडून फोन पुसून नवा करून घेतला आणि पिन बदलला.

काल जेवताना तो म्हणाला, "नवा पिन सांग." ती म्हणाली, "नाही सांगणार, बाबा." "मग उद्यापासून कॉलेज बंद. घरी बस." पोरीचा घास हातातच राहिला. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "ती पिनही देणार नाही आणि कॉलेजलाही जाणार. फी माझ्या पगारातून जाते." तो इतका भडकला की कानशिलं लाल झाली. "तूच लाडावून ठेवलंयस तिला. दाखव, आधी तुझा फोन दाखव." मी फोन मांडीवर घेतला आणि वर हात दाबून धरला. म्हटलं, "तुझ्या फोनात कुणाच्या बापाने बघायचं नाही, आणि आमचे फोन काय सार्वजनिक नळ आहेत?" "लपवण्यासारखं काही नसेल, तर द्यायला काय जातं तुझं?" "काहीच नाहीये रे त्यात," मी म्हटलं, "तरी देणार नाही." तो ताटावरून उठून गेला. कधी नव्हे ते मला त्याला परत बोलवावंसं वाटलं नाही.

सकाळी पोरगी कॉलेजला गेली, फोन घेऊन. जाताना माझा डबा तिने भरून ठेवला होता. वांग्याची भाजी करपलेली आहे. मी सगळी खाणार आहे.

हा कागद मी आता फाडून टाकेन. तुम्ही असतात तरी दिला नसता. तुमच्यासमोर तुमच्या मुलाबद्दल एवढं बोलायची माझी हिंमत झाली नसती. आणि आई, काल मी त्याच्याशी खोटं बोलले. माझ्या फोनात एक गोष्ट आहे. काय, ते तुम्हालाही सांगणार नाही.