आप्पांची हाळी

मंगळवार, दिवेलागण

रांजणगावच्या कारखान्यातली शिफ्ट सुटल्यावर वडिलांचा, आप्पांचा म्युझिक प्लेअर घेऊन बसलो. ते गेल्यापासून तो पेटीतच होता. त्यातलं मूळ कंपनीचं सॉफ्टवेअर उडवून नेटवरचं फुकटचं, ओपन सोर्स टाकलं. आधी कधीच न दिसलेलं एक रेकॉर्डिंग दिसलं. लावलं, तर आप्पा मेंढरांना हाळी देतायत!

"बंद कर रं," आई म्हणाली. "मेंढरं उठली बघ."

पण ही मेंढरं तर आप्पांच्या माघारी जन्मलेली. त्यांना ही हाळी कशी ठाऊक? प्लेअर माझ्या हातात, आन् मेंढरं गेली आप्पांच्या रिकाम्या बाजेकडं. हाळी दिली की आप्पा तिथंच बसून तवाच्या मेंढरांना तळहातावरचं मीठ चाटू द्यायचे.

प्लेअर कवाच बंद केलाय. बाजेपाशी चाटल्याचा आवाज अजून येतोय.