सुई रेघेवर

४ नोव्हेंबर, मंगळवार
शिवदासच्या गाडीत कॉम्प्युटर बसणार. त्याच्या पोरीने, श्रुतिकाने, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी केलाय. ड्रायव्हरचा डोळा लागला की बोंबलतो म्हणे. मेमध्ये शिवदासने नाशिकहून येताना झोपेत गाडी डिव्हायडरवर घातली, तेव्हापासून पोरगी याच्या मागे आहे. कॉम्प्युटरला वीज देणारा पॉवर सप्लायचा डबा आधी घरी तपासायचा, मग गाडीत लावायचा. म्हटलं, तपासणी माझ्याकडे. इथल्याच कारखान्याच्या गाळ्यात बावीस वर्षं चेकिंगला होते. चौथी शिकलेय, पण फेल माल माझ्या हातून कधी बाहेर गेला नाही. श्रुतिका म्हणाली, आजी, तू चहा कर. केला नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
गॅलरीत जुनी बॅटरी, तो डबा, आणि कॉम्प्युटरच्या जागी हेडलाइटचा बल्ब. श्रुतिका म्हणाली, बारा व्होल्ट, बरोब्बर. तिचा मीटर नुसते आकडे दाखवतो. मी माझा सुईचा मीटर माळ्यावरून काढला. गाळा बंद झाला तेव्हा शेठने दिलेला. काचेवर नेलपॉलिशची रेघ आहे. सुई रेघेवर आली की माल पास. आकडे वाचत बसलो असतो तर दिवसाला तीनशे नग झाले असते का?

६ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी १२
पोरगी कॉलेजला. सुई रेघेच्या खाली! म्हणजे फेल. एवढं शिकून हे.

१२.२०
डब्यावर बारीक स्क्रू आहे. हात लावू नको, असं सांगून गेलीय. हात नाही लावला. स्क्रूड्रायव्हर लावला. सुई रेघेवर. बल्ब असा लख्ख पेटला की समोरच्या नीलमने विचारलं, काकी, आज काय आहे? स्क्रू हलू नये म्हणून वर नेलपॉलिशचा ठिपका. गाळ्याची पद्धत. बाटली श्रुतिकाचीच, गुलाबी.

८ नोव्हेंबर, शनिवार
श्रुतिकाने विचारलं, आजी, कशाला हात नाही ना लावलास? म्हटलं, मला दुसरी कामं नाहीत? उद्या बसवणार. मंगळवारी कॉलेजचे सर बघायला येणार. चालू झालं की सांगेन, कोणामुळे चाललं ते.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०.३०
बसवला. शिवदासने चावी फिरवली. धूर. कॉम्प्युटर जळाला. गाडीची वायरिंगच सडकी असणार. मी आधीपासून म्हणत होते.

दुपारी ४
श्रुतिकाने डबा परत गॅलरीत जोडला. एका बाजूला माझा मीटर, एका बाजूला तिचा. माझी सुई रेघेवर. तिचा आकडा अठरा. तुमच्या गाळ्यात काय बनायचं, तिने विचारलं. चार्जर. किती व्होल्टचे? ही रेघ कितीची?
बावीस वर्षांत मी हे कोणाला विचारलं नव्हतं.
ती ओरडली नाही. नेलपॉलिशची बाटली आणून माझ्यासमोर ठेवली आणि आत गेली. ओरडली असती तर मी उलट बोलले असते.

११ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी १
सर आले नाहीत. तिनेच येऊ नका म्हणून कळवलं. दार लावून बसलीय.
शिवदासला नाशिकचं भाडं आलंय. म्हणाला, आई, वाढ, जेवून लगेच निघतो. मेमध्येही भात जेवूनच निघाला होता.
दोन चपात्या आणि भाजी वाढली. म्हणाला, भात संपला?
म्हटलं, संपला.
कुकर भरलेला आहे.